दुपारचं शून्य

पेटीवरचा तांबडा दिवा लागला नाही.

मी तिच्यासमोरून पुन्हा एकदा चालत गेले. नाहीच. मागून दोन बायका आल्या, डोक्यावर पदर, हातात डबा. त्यांनाही दिवा लागला नाही. एक म्हातारे आबा काठी टेकत आत शिरले आणि खांबाला टेकून बसले. दिवा गप्पच. मे महिना, धुळं, भर दुपार. मोठ्या दवाखान्यासमोरच्या त्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आणि माणसं मोजायला आम्ही लावलेली पेटी सांगत होती की इथे कोणीही नाही.

मी जळगावला एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. इतकी वर्षं शिकवते आहे की आता वर्गात शिरले की हात आपोआप खडू शोधतो. त्या दिवशी मी घरून, मेहरूणहून, सकाळीच निघाले होते. पारोळ्यापर्यंत एसटीत उभी. धुळ्याला महापालिकेत मिटिंग होती, आणि त्याआधी शेडमधली पेटी उतरवून घ्यायची होती, कारण प्रोजेक्ट संपला होता. रिपोर्ट गेला होता. महापालिकेचे साहेब जेवायला गेले होते. म्हटलं, तेवढ्यात पेटी काढून घेऊ.

प्रोजेक्ट काय होता ते सांगते. दवाखान्यासमोरच्या रस्त्याचं नवं डिझाइन करायचं होतं. ते काम बोरसे सरांचं. ते आर्किटेक्ट, धुळ्यालाच अर्बन डिझाइन शिकवतात. अर्बन डिझाइन म्हणजे इमारती सोडून मधल्या जागेचा विचार: फुटपाथ कुठे, बाक कुठे, सावली कुठे, गाड्या कुठे. पूर्वी हे सगळं एखादा साहेब नकाशावर बोट ठेवून ठरवायचा. आमचं म्हणणं होतं की आधी मोजा. कुठल्या जागी कुठल्या वेळी किती माणसं असतात ते बघा आणि मग ठरवा. मोजायचं यंत्र मी करायचं, रस्ता त्यांनी आखायचा.

मोजायला सगळ्यात सोपा कॅमेरा. पण आमच्या कॉलेजात एथिक्स कमिटी आहे. संशोधनाच्या नावाखाली कोणाला त्रास होऊ नये, कोणाची खासगी गोष्ट उघड्यावर येऊ नये, हे तिने बघायचं असतं. एरवी तिची मिटिंग म्हणजे चहा आणि सही. या वेळी मी भांडले. दवाखान्याच्या दारात माणूस कुठल्या अवस्थेत उभा असतो! कोणी रडत असतं, कोणाचा आजार घरच्यांनाही माहीत नसतो. त्यांचे चेहरे आम्ही का साठवायचे? कॅमेरा नको, नाव विचारायचं नाही, कोणाची ओळख राहील असं काहीही गोळा करायचं नाही, असा ठराव मी करून घेतला. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे, पण आता तो जरा दमलेला आहे.

मग आम्ही उष्णतेवर चालणारा सेन्सर घेतला. ऑफिसच्या बाथरूममध्ये शिरलं की दिवा आपोआप लागतो ना, तोच. त्याला चेहरा दिसत नाही. खरं तर त्याला माणूसही कळत नाही. आजूबाजूपेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी समोरून हललं, एवढंच त्याला कळतं. माणसाचं अंग भिंतीपेक्षा गरम असतं, म्हणून माणूस आला की कळतं. जानेवारीत आम्ही पेट्या लावून तपासल्या. बोरसे सर स्वेटर घालून शेडमध्ये उभे राहिले, हाताने मोजलं, पेटीशी ताडून पाहिलं. झकास जुळलं.

उन्हाळ्याचे आकडे आले तेव्हा दुपारच्या बारा ते चारच्या रकान्यात शेडसमोर शून्य होतं. रोज शून्य. बोरसे सरांनी ते मागच्या मिटिंगमध्ये पडद्यावर दाखवलं. महापालिकेचे वाघ साहेब हसून म्हणाले, "मे महिन्यात धुळ्यात दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. हे सांगायला यंत्र कशाला पाहिजे?" सगळे हसले. मीही हसले. पुण्या-मुंबईचा कोणी त्या खोलीत असता तर त्याने निदान विचारलं असतं, की अहो, रोजच शून्य कसं? पण आम्ही बठ्ठे, म्हणजे झाडून सगळे, इथलेच. उन्हाळ्यात बारा वाजले की दार लावून, कूलरसमोर ओला पंचा घेऊन पडायचं, हे आम्हाला आईच्या दुधासोबत मिळालेलं. आकडा आमच्या समजुतीशी जुळला, आणि जुळलेल्या आकड्याला कोणी प्रश्न विचारत नाही.

त्या शून्यावरून पुढचं ठरलं. शेड वापरात नाही, शेड काढायची. तिथे दुचाकींचं पार्किंग. आज मिटिंगमध्ये कागदावर शेवटची सही झाली की उद्या ठेकेदार पत्रे उतरवणार होता.

आणि मी त्या शेडमध्ये उभी होते, आणि शेड भरलेली होती.

"ये वं बहीन, आठे बस. उनमा कितली उभी ऱ्हाशी?"

एका बाईने सरकून जागा केली. साठीच्या पुढच्या असाव्यात. शेजारच्या बायका त्यांना सिंधू अक्का म्हणत होत्या. माझं माहेर यावलकडचं, केळीच्या पट्ट्यातलं. आमची बोली वेगळी, पण अहिराणी कळते. मी बसले. अक्का पारोळ्याकडच्या खेड्यातल्या. नवरा वॉर्डात, पायाची जखम चिघळलेली. किती दिवस झाले विचारलं तर त्यांनी नुसता हात उडवला.

"दुपारी इथेच असता?"

"मंग कोठे जावो? दुपारले वॉर्डमाईन बठ्ठासले भायेर काढतस. चार वाजाले परत. तवलोंग आठेच."

म्हणजे वॉर्ड रिकामा करायची वेळ आणि आमच्या शून्याची वेळ एकच. दवाखाना नातेवाइकांना बाहेर काढतो, ती सगळी माणसं रस्ता ओलांडून या शेडमध्ये येतात, भाकरी खातात, आडवी होतात. खेड्याला जाऊन परत यायला गाडी नाही, लॉजला पैसे नाहीत. अख्ख्या रस्त्यावर सावली एवढीच.

अक्कांनी पेटीकडे बोट केलं. "हाई पेटी कसानी शे?"

"माणसं मोजते," मी म्हटलं.

"मंग माले मोजं का तिन्ही?"

मी भिंतीला हात लावला, चटका बसला. वरचा पत्रा तापलेला, फरशी तापलेली. शेडमधल्या हवेला माणसाच्या अंगाएवढा ताप होता, कदाचित जास्तच. सेन्सरच्या दृष्टीने माणूस, भिंत आणि फरशी हे सगळं एकाच तापमानाचं एक मोठं काहीतरी झालं होतं. त्यात कोण आलं, कोण गेलं, त्याला कळणार कसं?

शेडच्या तोंडाशी एक जण बर्फात घातलेल्या पाण्याच्या बाटल्या विकत होता. एक घेतली. प्यायच्या आधी सहज पेटीसमोरून फिरवली.

तांबडा दिवा लागला.

पुन्हा फिरवली. पुन्हा लागला. थंडगार बाटली त्याला लख्ख वेगळी दिसत होती. शेजारच्या दोघी-तिघी हसायला लागल्या. अक्का हसल्या नाहीत.

"बाटलीले मोजं," त्या म्हणाल्या, "नि माले नही?"

यात नवं काहीच नव्हतं. हवा अंगाएवढी तापली की हा सेन्सर आंधळा होतो, ही ओळ त्याच्या माहितीपत्रकातच आहे. मी तो प्रश्न मुलांना परीक्षेत विचारते. मुलं बरोबर उत्तर लिहितात आणि मी मार्क देते.

बोरसे सर महापालिकेच्या कँटीनमध्ये कूलरपुढे बसले होते. मी सगळं सांगितलं. ते ऐकत गेले तसा त्यांचा चहा निवत गेला.

"मॅडम, या दुपारच्या रिकाम्या जागेवरच माझा पेपर आहे," ते म्हणाले. "कॉन्फरन्सने घेतलाय. प्रमोशन त्याच्यावर आहे."

"माहीत आहे."

"आणि एक सांगू? राग मानू नका. कॅमेरा लावला असता तर हे झालंच नसतं. तुम्ही नको म्हणालात."

त्यांचं खोटं नव्हतं. आम्ही त्या माणसांचे चेहरे इतके नीट जपले की माणसंच नाहीशी झाली. ते असं तोंडावर ऐकताना वाईट वाटलं. पण कॅमेरा असता तरी रोजचं शून्य पाहून उठून एक चक्कर मारायची ती आपणच ना, असं मी म्हटलं. बोरसे सरांनी कपाळ चोळलं. एसटीत उभ्याने आलेल्या माणसाशी वाद घालू नये, एवढं त्यांना कळतं. ते उठले.

वाघ साहेबांच्या केबिनमध्ये एसी होता. बाहेरून आत गेल्यावर दोन क्षण काही दिसेना. शेडमधून काढून आणलेली पेटी मी टेबलावर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. साहेबांनी बोलता बोलता टेबलावरची फाइल ओढली. त्यांचा हात पेटीसमोरून गेला आणि दिवा लागला.

"चालतंय की!" साहेब म्हणाले.

त्यांनी पुन्हा हात फिरवला. लागला. शिपाई पाणी घेऊन आला, त्यालाही लागला. गार हवेत गरम माणसं, पेटी खुशीत होती. प्रत्येकाला मोजत होती.

"साहेब, इथे चालणारच. इथे गार आहे. शेडमध्ये दुपारी चालत नाही."

"बरं, मग ऊन उतरल्यावर जाऊन बघू. पाचला निघू."

"ऊन उतरल्यावर ती खरंच सांगते, साहेब. दुपारीच खोटं सांगते. आत्ताच यावं लागेल."

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. पडदा ओढलेला होता, तरी कडेने ऊन आत येत होतं. "आत्ता?" ते म्हणाले. "या उन्हात?"

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. आमचे प्राचार्य. बोरसे सरांनी कँटीनमधून निघतानाच त्यांना कळवलं असावं. "मॅडम, रिपोर्ट चुकला असं लेखी देऊ नका," ते म्हणाले. "कॉलेजची तपासणी तोंडावर आहे. पुढच्या टप्प्यात सुधारणा सुचवू, असं काहीतरी लिहा."

"सर, उद्या शेड निघतेय. पुढच्या टप्प्यात सुधारायला ती राहणार नाही."

"तुम्ही फार ताणता," ते म्हणाले. ते मला हे दर दोन महिन्यांनी म्हणतात. मी बरं म्हणून फोन ठेवला.

साहेबांना मी विचारलं, "निदान दुपारच्या रकान्यातलं शून्य काढून तिथे 'माहीत नाही' असं टाकता येईल?"

"आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तिथे आकडाच लागतो. रिकामं सोडलं तर ते आपोआप शून्य घेतं."

मी थकले होते. पाय दुखत होते, डोकं चढलं होतं. समोरचा माणूस वाईट नव्हता, त्यालाही वरून दहा फोन येत असणार. पण मला सारखी अक्कांची मांडी दिसत होती, सरकून माझ्यासाठी जागा केलेली. मी पर्समधून कागद काढला.

"साहेब, त्या रिपोर्टवरची माझी सही मी मागे घेते आहे. दुपारचे आकडे चुकीचे आहेत असं लिहून देते. त्यानंतर शेड काढायची तर जरूर काढा. मग ती तुमच्या एकट्याच्या सहीने निघेल."

मी तिथेच चार ओळी लिहून खाली सही केली. मला वाटलं होतं बोरसे सर खाली बघतील. पण त्यांनी हात पुढे केला, माझ्याकडून पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली स्वतःची केली. करताना दात-ओठ खात होते, पण केली.

साहेबांनी कागद वाचला. मग ड्रॉवर उघडून एक कांदा काढला आणि पँटच्या खिशात टाकला. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा ही आमच्याकडची रीत. घरून बायकोने दिलेला असणार. "चला," ते म्हणाले.

गाडी शेडपासून लांब लावावी लागली. उतरून चालायचं अंतर फार नव्हतं, पण तेवढ्यात साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला. शेडमध्ये पोचलो तेव्हा ते बोलण्याच्या स्थितीत नव्हते. मी पेटी पुन्हा खांबाला अडकवली. माणसं येत-जात होती. दिवा लागत नव्हता. साहेब स्वतः तिच्यासमोरून दोनदा चालले, मग थांबून तिच्याकडे बघत राहिले. एसीतल्या टेबलावर तिने त्यांना ओळखलं होतं, इथे नाही.

"बस भाऊ," सिंधू अक्का त्यांना म्हणाल्या. "बठ्ठा बसतस, तू बी बस."

साहेब बसले. बाजूला एक बाई पदराने नवऱ्याच्या डब्यावरच्या माश्या हाकत होती. साहेबांनी सगळीकडे एकदा नजर फिरवली.

"मी रोज या रस्त्याने जेवायला घरी जातो," ते म्हणाले. "गाडीच्या काचा वर असतात."

बोरसे सरांनी बाटलीचा प्रयोग करून दाखवायची तयारी केली होती. त्याची गरज पडली नाही.

शेड निघाली नाही. त्यानंतर बोरसे सर आणि मी काही दुपारी तिथे बसून हाताने मोजणी केली, डोक्याला ओले रुमाल बांधून. बोरसे सरांनी पेपर मागे घेतला. सेन्सर उन्हात आंधळा होतो यावर त्यांनी दुसरा लिहिला, तो परत आला. हे सर्वांना माहीतच आहे, असा शेरा होता. प्रमोशन लांबलं. ते अजून माझ्याशी बोलतात, हे त्यांचं मोठेपण. पार्किंग पलीकडच्या बाजूला गेलं. शेडला वरून पांढरा रंग मारला, त्यामुळे पत्रा जरा कमी तापतो. ते बोरसे सरांचं डिझाइन.

पावसाळ्यात कामानिमित्त पुन्हा धुळ्याला गेले तेव्हा शेडमध्ये डोकावले. कोपऱ्यात, आमची पेटी होती त्याच खांबावर, गोल काळा कॅमेरा बसवलेला. वाघ साहेबांना फोन केला. ते खूश होते. "मॅडम, तुमच्या सांगण्यावरूनच केलं. आता मोजणीत चूक नको. चेहरासुद्धा साफ दिसतो!"

कमिटीतलं माझं भाषण त्यांना फोनवर ऐकवणार होते? बरं केलंत म्हणाले नाही, एवढंच. कॅमेऱ्याखाली एक बाई पदर पार हनुवटीपर्यंत ओढून झोपली होती.

सिंधू अक्का दिसल्या नाहीत. आजूबाजूला विचारलं. सगळी नवी माणसं. पारोळ्याकडची, नवऱ्याच्या पायाला जखम, एवढ्यावर कोणाला काय सांगता येणार? दवाखान्यात जाऊन चौकशी करावी म्हटलं, तर खिडकीतल्या बाईंनी पेशंटचं नाव विचारलं. ते मला ठाऊक नव्हतं. आडनावही नाही. नाव विचारायचं नाही, हा ठराव माझाच.

त्यामुळे अक्कांचा नवरा बरा होऊन घरी गेला की नाही, हे मला सांगता येत नाही. आता मी मुलांना पहिल्याच तासाला शिकवते की न दिसलेल्या गोष्टीपुढे शून्य लिहायचं नाही, 'माहीत नाही' असं लिहायचं. मुलं विचारतात, मॅडम, त्याला मार्क मिळतात का? मी म्हणते, मिळतात. पण ते लिहायला सोपं नसतं. त्या दिवशी खिडकीपाशी उभी होते, तेव्हा मागे रांग लागली होती, आणि मला 'माहीत नाही' एवढंच म्हणता आलं.